थोरलीने चमचा उचलेपर्यंत

बर्लिन, ६ नोव्हेंबर २००५

चि. श्रीरंग,

आशीर्वाद द्यायचा की नाही ते मागाहून ठरवीन. तोवर नुसत्या 'चि.'वर भागव.

पाकिटावर जर्मन तिकीट पाहून तुला वाटलं असेल, टॅक्सवाल्यांचं काहीतरी आलं. मीच आहे. ऑक्टोबरपासून बर्लिनमध्ये आहे, तुझ्या वोल्फ्सबुर्गहून गाडीने तासाभरावर. आधी कळवलं नाही, कारण तू देश सोडलास तेव्हा मलाही ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. तुझा पत्ता तुझ्याच दिवाळीकार्डावर होता. त्यातला मजकूर दरवर्षी नीताच्या अक्षरात असतो आणि सही तुझी, त्यामुळे तू जिवंत असल्याचं समजतं.

तुझी बहीण पन्नासाव्या वर्षी विद्यार्थिनी झाली आहे. ओळखपत्रावर फोटो आहे, त्यात मी हरवलेल्या इसमासारखी दिसते. मिरजेच्या कॉलेजाने रजा दिली, इथल्या विद्यापीठाने संशोधनवृत्ती दिली. विषय आहे धर्मशास्त्रातला पंक्तिविचार. म्हणजे जेवायला कोणी कोणाशेजारी बसावं, कोणाच्या बसण्याने पंगत पावन होते आणि कोणाच्या बसण्याने बाटते. पहिल्या माणसाला पंक्तिपावन म्हणतात, दुसऱ्याला पंक्तिदूषक. मुलाखतीत प्राध्यापकांनी विचारलं, हाच विषय का? मी म्हटलं, प्रत्यक्ष अनुभव आहे. त्यांना तो विनोद वाटला.

वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहते. सहा खोल्या, एक स्वयंपाकघर. माझ्या भिंतीपलीकडे सू-यॉन नावाची कोरियन मुलगी आहे. चेलो शिकते, म्हणजे स्वतःएवढं वाद्य पाठीवर घेऊन जिने चढते. तिचं आणि माझं जर्मन सारखंच मोडकं आहे, त्यामुळे एकमेकींचं सगळं समजतं. तिने मला पहिल्याच भेटीत नाव विचारायच्या आधी जन्मवर्ष विचारलं. समोरच्या खोलीतला क्लाउस अवघडून खिडकीबाहेर बघायला लागला. मला मात्र मिरजेत असल्यासारखं वाटलं. पंचावन्न, असं सांगितल्यावर ती कमरेत वाकली आणि माझ्या हातातली बटाट्यांची पिशवी घेऊन चालू लागली.

तुझी तब्येत बरी असेलच. तू तिची काळजी घेणाऱ्यातला आहेस.

सरला


बर्लिन, २७ नोव्हेंबर २००५

चि. श्रीरंग,

उत्तर आलं नाही. इथलं पोस्ट चांगलं आहे, तेव्हा दोष पोस्टाचा नाही.

गेल्या रविवारी सू-यॉनने जेवायला बोलावलं. तिच्या दोन मैत्रिणीही होत्या. मी काय खात नाही ते तिने आधीच विचारून घेतलं होतं. मांस, मासे, अंडी नाहीत, म्हटल्यावर तिला अजिबात नवल वाटलं नाही. त्यांच्याकडच्या मठांतले भिक्षू तसंच जेवतात म्हणे, आणि कांदालसूणही वर्ज्य. म्हणजे चातुर्मास तिला समजावून सांगावा लागला नाही. बाजारच्या किम्चीत मासळी असते, म्हणून तिने माझ्यासाठी बिनमासळीची वेगळी बरणी घातली होती. किम्ची म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं. पहिल्या घासाला कानशिलं तापतात आणि तिसऱ्या घासाला हात पुन्हा तिकडेच जातो.

मांडणी ऐक. प्रत्येकापुढे झाकणाच्या स्टीलच्या वाटीत भात, उजवीकडे सूप, लांब दांड्याचा चमचा आणि विणकामाच्या सुयांसारख्या दोन स्टीलच्या काड्या. बाकी सगळं मधोमध, छोट्या बशांत. तिळाच्या तेलातला पालक, सोयाबीनचे लांबच लांब मोड, मुळा, किम्ची. आपल्या ताटाची डावी बाजू उचलून सगळ्यांत मिळून एकच ठेवली, तर कसं दिसेल तसं.

वाढून झालं. त्या तिघी बसल्या. मी डाव हातात घेऊन उभी राहिले. कोणाला काय लागतंय ते बघायला नको का? त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. म्हटलं, प्रार्थना असेल. प्रार्थना फारच लांबली. मी म्हटलं, घ्या ना, गार होतंय. तिघींनी मान लववली आणि पुन्हा स्तब्ध. क्लाउस आत आला, त्याने पास्ता उकडला, गाळला, घेऊन गेला. आमच्या वाट्यांवरची झाकणं तशीच. मला वाटलं, अजून कोणी यायचं आहे. दाराकडे बघत मीही बसले. चौघी जणी भरल्या पानावर बसून कोणाचीतरी वाट बघत होतो.

शेवटी सू-यॉन कानापर्यंत लाल होऊन म्हणाली, "तुम्ही थोरल्या आहात. तुम्ही चमचा उचलल्याशिवाय आम्हाला उचलता येत नाही."

म्हणजे वय विचारलं ते यासाठी. ते माहीत नसेल तर जेवायला सुरुवातच होऊ शकत नाही.

श्रीरंग, आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तू नऊ. तेव्हापासून मी वाढते आहे. आधी तुला आणि आप्पांना, मग सासरी, मग ते मोडल्यावर परत येऊन पुन्हा आप्पांना. मी आधी घास घ्यावा म्हणून कोणी थांबून राहिलं आहे, असा प्रसंग मी त्या स्वयंपाकघरात बसून आठवून पाहिला. तुला आठवला तर जरूर कळव.

मी चमचा उचलला. तीन चमचे मागोमाग उचलले गेले. बिचाऱ्या भुकेल्या होत्या. तोवर भात गार झाला होता. त्याचं मला काही नाही. गार भाताची सवय मला एका कार्यालयात लागली.

त्यांचा दुसरा एक नियम असा, की थोरल्याने चमचा खाली ठेवेपर्यंत कोणी पानावरून उठायचं नाही. मी तो नीट लक्षात ठेवला आहे.

सरला


बर्लिन, १९ फेब्रुवारी २००६

चि. श्रीरंग,

इथे बर्फ काळं पडलं आहे आणि तुझं मौन अजून पांढरं स्वच्छ आहे.

स्वयंपाकघरात महायुद्ध होता होता राहिलं. हाउसऑर्डनुंगच्या, म्हणजे घराच्या नियमांच्या कागदाखाली कोणीतरी चिठी डकवली, 'उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत.' सू-यॉनला वाटलं, किम्चीबद्दल आहे. मला खात्री होती, हिंगाबद्दल आहे. दोघींनी एकमेकींची माफी मागितली आणि मग दोघींनी मिळून खिडकी उघडून फोडणी दिली. आता बाल्कनीत एका खोक्यात किम्चीची बरणी आणि हिंगाची डबी शेजारी शेजारी असतात. पंक्तिभेद नाही.

उष्ट्याचं विचारशील तर पहिले काही दिवस जड गेले. मधलं भांडं एक, त्यात सगळ्यांचे चमचे. उच्छिष्टाचे सगळे नियम मला पाठ आहेत आणि इथे त्यांचा एकेक करून भंग होत होता. सू-यॉनच्या लक्षात आलं. तिने माझ्यासाठी वेगळी वाटी काढली. दोन-तीन रविवार मी त्या वाटीतून एकटी जेवले. मग एका रविवारी मीच ती फडताळात ठेवून दिली. वेगळं वाढलं जाण्याचा कंटाळा आला होता.

एकदा मात्र मी घोटाळा केला. सूप संपवायचं होतं म्हणून दोन्ही काड्या भातात उभ्या खोचून ठेवल्या. तिघींचे चेहरे उतरले. तसा उभ्या काड्यांचा भात त्यांच्याकडे मेलेल्या माणसाला दाखवतात. मी ताबडतोब काढल्या. म्हटलं, आमच्याकडे पिंड करतात, मला कळायला हवं होतं. हे तुला मुद्दाम लिहून ठेवते. कोरियन माणसाच्या टेबलावर कधी बसलास तर उपयोगी पडेल.

आता तुझ्या लग्नाविषयी. तीन पत्रं मी ताटाच्या कडेकडेने जेवते आहे, ते पुरे.

मे १९९३. कार्यालयाची कोठी माझ्याकडे होती. कमरेला किल्ली होती आणि अंगावर नवीन साडी होती, तुझ्या पसंतीची. पहिल्या पंगतीची पानं मांडली गेली तसा तू मुंडावळ्यांसकट कोठीच्या दारात आलास आणि हळूच म्हणालास, "अक्का, तू पंगतीत येऊ नकोस. नीताच्या वडिलांना, पद्माकररावांना, घटस्फोट वगैरे चालत नाही. तू आतच बघ." मी आतच बघितलं. पाच पंगती उठल्या. शेवटी आचारी भांडी घासायला निघाले तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं, बाई, तुमचं झालं का? मग मी पोत्यावर बसून जेवले. वरण गार झालं होतं. जिलबी उरली नव्हती. बाहेर तुम्ही एकमेकांना नाव घेऊन घास भरवत होता, त्याचा हशा आत ऐकू येत होता.

पद्माकररावांना मी तेव्हापासून विसरलेले नाही. तुलाही नाही. परिस्थितीने असं झालं, तेव्हाचा काळ तसा होता, वगैरे मला सुचतं. मी शिकलेली बाई आहे. पण सुचलं तरी पटत नाही.

सरला


बर्लिन, १४ मे २००६

चि. श्रीरंग,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला. आप्पांसारखा झाला आहे, फक्त मधे मधे जर्मन 'आल्झो' येतं.

"अक्का, कशी आहेस," हे तू इतक्या घाईने विचारलंस की मी उत्तर देईपर्यंत तू मुद्द्यावर आला होतास. घर बांधलंस, आनंद आहे. जुलैत नीताचे आईवडील येणार आहेत आणि पद्माकररावांची इच्छा आहे की वास्तुशांत रीतसर व्हावी. हानोफरपर्यंत एक गुरुजी मिळत नाहीत. जे मिळाले ते सीडी लावून पूजा सांगतात. आणि मग तुला आठवलं की आपल्या बहिणीला हे सगळं येतं. पुण्यात आता बायका पौरोहित्य करतात, असंही तू मला समजावून सांगितलंस. मला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या दोघींना मीच संथा दिली आहे.

पंक्तिदूषक बाईने केलेली वास्तुशांत तुझ्या सासऱ्यांना चालेल का, हे तू विचारून घेतलं नसशील. घे.

माझं म्हणणं एवढंच. अकरा जूनला रविवार आहे. नीताला आणि लेकीला, तनयाला, घेऊन दुपारी माझ्याकडे जेवायला ये. सू-यॉन स्वयंपाक करणार आहे, मी तिच्या हाताखाली आहे. कोठीच्या दारात जे तू मला हळू आवाजात सांगितलंस, ते त्या टेबलावर नीतासमोर मोठ्याने सांगायचं. सांगितलंस तर मी वास्तुशांतीला येईन. नाही सांगितलंस तर सीडी आहेच.

आधी पोटभर जेवू, मग बघू, असं तू मनात म्हणत असशील. तुझा तो स्वभाव धरूनच मी जेवण ठेवलं आहे.

सरला


बर्लिन, १२ जून २००६

चि. श्रीरंग,

कालच्या जेवणाला तू हजर होतास, तरी लिहिते. तू बराच वेळ मान खाली घालून बसला होतास आणि तुला पुष्कळसं दिसलं नसेल.

तुम्ही आलात तेव्हा गावभर फुटबॉलचे झेंडे होते आणि तुझ्या हातात मोठा पुष्पगुच्छ. तनया तुझ्यासारखी दिसते, नशिबाने डोळे नीताचे आहेत. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर जर्मनमध्ये देते. मला चालतं. आत्या कोणत्याही भाषेत आत्याच. तुम्ही कोट काढत होता तेवढ्यात सू-यॉनने तिला शेजारी बसवून टेबलाचे नियम शिकवले. दहा वर्षांच्या मुलीने ते एकदा ऐकून लक्षात ठेवले.

द्वेन्जांगचं मातीचं भांडं मधोमध ठेवलं. आंबवलेल्या सोयाबीनचं ते कालवण; टेबलावर आलं तरी उकळत होतं. तू म्हणालास, वा, वास आपल्या आमटीच्या जवळ जातो, आणि चमचा बुडवायला गेलास.

तनया म्हणाली, "पापा, वार्टे." थांब.

तू थांबलास. कशासाठी थांबायचं ते तुला कळेना. सू-यॉन हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती, तनयाही. मी माझ्या चमच्याकडे बघत होते. तू हसलास, हवापाण्याचं बोललास, नवीन घराच्या तळघराचं बोललास. बोलता बोलता काड्या हाताळल्यास आणि दोन्ही भातात उभ्या खोचून ठेवल्यास. सू-यॉनने डोळे मिटून घेतले. मी सांगितलं नाही. एवढं कळलं की माझं फेब्रुवारीचं पत्र तू वाचलं नव्हतंस. म्हणजे जेवणाच्या बोलावण्याआधीचं बहुधा एकही नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचं पान वाढून घेतलंस, मी मधे कशाला पडू?

कालवणाचं उकळणं थांबलं. तेव्हा नीता म्हणाली, "अक्का, सुरू करायचं ना?"

मी म्हटलं, "श्रीरंगला आधी काहीतरी सांगायचं आहे."

तू म्हणालास, जेवणानंतर सांगतो. मी चमच्याला हात लावला नाही. तू म्हणालास, अक्का, मुलगी भुकेली आहे. तनया म्हणाली, मला चालेल. मग तू सगळ्या पोरांचा असतो तसा आवाज काढलास, आप्पांनी प्रगतिपुस्तक मागितल्यावर काढायचास तोच, आणि म्हणालास, "लग्नात अक्काला पंगतीत बसता आलं नाही, त्याचं तिला वाईट वाटलंय."

नीताला ते कळलंच नाही. ती माझ्याकडे वळली. "पण तुमचं तर व्रत होतं ना? मी स्वतः तुम्हाला न्यायला येत होते कोठीकडे. यांनी वाटेत अडवलं. म्हणाले, अक्का परान्न घेत नाही, तिला आग्रह केलास तर चिडेल. बाबांनी दोनदा विचारलं, तुमच्या बहीणबाई दिसत नाहीत पंगतीत."

श्रीरंग, मी या प्रसंगाची खूप वर्षं तयारी केली होती. तू काय बोलशील आणि मी काय बोलीन, सगळं. पण हे त्यात नव्हतं. तेरा वर्षं मी पद्माकररावांना मनातल्या मनात जे जे म्हटलं, ते संस्कृतात होतं म्हणून बरं. त्या माणसाने माझी चौकशी केली होती.

मी विचारलं, "मग कोणाला चालत नव्हते मी?"

तू भाताकडे बघून म्हणालास, "मलाच. कोणी काही म्हटलं नव्हतं. नवीन माणसं, पहिलीच पंगत... मला तुझी लाज वाटली, अक्का."

आवाज हळूच होता, पण स्वयंपाकघर लहान आहे.

तनयाने जर्मनमध्ये विचारलं, मग आत्याला जेवायला कोणी दिलं? नीता उठली, तिने स्वतःची वाटी उचलली आणि तुझ्या शेजारची खुर्ची सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. त्यानंतर ती तुझ्याशी बोलली नाही. वोल्फ्सबुर्गपर्यंत बोलली असेल असं मला वाटत नाही.

मग मी चमचा उचलला.

पुढचं तुला आठवत असेल. थोरल्याने चमचा ठेवल्याशिवाय उठता येत नाही. मी आयुष्यात इतक्या सावकाश जेवले नव्हते. पालकाचं एकेक पान खाल्लं. मुळ्याचा एकेक काप चावला. सोयाबीनच्या मोडांना तर अंतच नव्हता. सू-यॉनने दोन्ही हातांनी मला बार्लीचा चहा ओतला, तो मी निववून घेतला. तू घड्याळ पाहिलंस, गाडीचं आरक्षण आहे म्हणालास. मी जर्मनमध्ये म्हटलं, 'या, गेनाऊ', हो, अगदी बरोबर, आणि भात पुन्हा घेतला. तुझं जेवण केव्हाच थांबलं होतं. तुला उठता येत नव्हतं, दुसरीकडे बघता येत नव्हतं, आणि समोर तुझा भात होता, तनयाने काड्या काढून घेतल्या तरी दोन भोकं तशीच. तुमची गाडी गेली. पुढच्या गाडीत फुटबॉलवाल्यांमध्ये तू उभ्याने गेलास, असं नीताने फोनवर सांगितलं. बायकोला आणि मुलीला जागा मिळाली. बरं झालं.

तू पाया पडलास ते मी पाहिलं. डोक्यावर हात ठेवला नाही, तेही तू पाहिलंस.

आता वास्तुशांत. तू सांगितलंस, म्हणून मी येईन. मी शब्द फिरवत नाही. संकल्पापासून बलिदानापर्यंत सगळं यथासांग सांगीन. मंत्रांत काही कमी करणार नाही, घराचा काय दोष. पूजा झाली की पंगत बसेल. मी पहिल्या पंगतीत बसेन, पद्माकररावांच्या शेजारी. ते थोरले, घास त्यांनी आधी घ्यायचा. मला त्यांच्यासाठी थांबायला आवडेल. त्यांनी विचारलं की तुम्ही लग्नात का दिसला नाहीत, तर मी खरं सांगीन.

वाढायला तू असशील. एकटा. पाट-पाणी, मीठ-लिंबापासून मठ्ठ्यापर्यंत. सगळे जेवून उठले, खरकटं निघालं, की तुझं पान स्वयंपाकघरात, दार लोटून. बाहेर आम्ही हसत असू. हे मी नीताला आधीच सांगितलं आहे. ती म्हणाली, जिलब्या मी मोजून आणीन, उरणार नाहीत.

गार झालेल्या वरणावर एक पातळ साय धरते. ती बाजूला सारून खायची एक रीत आहे, माझी मी बसवलेली. ती मी तुला सांगणार नाही. कसं लागलं ते मात्र पत्राने कळव. स्वतःच्या अक्षरात.

आशीर्वादाचं ते पत्र आल्यावर बघू.

अक्का